गावात पर्जन्यमापक नाही, मग उपग्रहावरून पाऊस कसा काढतात?

रात्रभर धो धो पाऊस झाला, ओढ्याचं पाणी शेतात शिरलं, सोयाबीन आडवं झालं. सकाळी मंडळाची नोंद बघावी तर ४० मिमी! कारण पर्जन्यमापक मंडळाच्या गावाला, सात-आठ किमी लांब, आणि पावसाचा जोर होता आपल्या शिवारावर. महाराष्ट्रात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस नोंदला की अतिवृष्टी धरतात. म्हणजे हा आकडा महत्त्वाचा. मग प्रश्न येतोच: वर एवढे उपग्रह आहेत, त्यावरून गावाचा पाऊस कळणार नाही का? कळतो, पण किती भरवशाचा ते समजून घेऊया.

उपग्रह नेमकं काय बघतो?

पहिली पद्धत इन्फ्रारेडची. इन्सॅट-३डीआरसारखा उपग्रह सुमारे ३६,००० किमी उंचीवरून सतत भारताकडे बघत असतो. त्याला ढगाच्या माथ्याचं तापमान कळतं. माथा जितका थंड तितका ढग उंच, आणि उंच ढग म्हणजे बहुधा जोराचा पाऊस. थोडक्यात, हा अंदाज छपरावरून घरातलं ओळखण्यासारखा आहे.

दुसरी पद्धत मायक्रोवेव्हची. या लहरी ढगातून आरपार येतात. जमिनीकडून येणाऱ्या लहरी ढगातल्या बर्फकणांमुळे विखुरतात, त्यावरून पाऊस काढतात. हे जास्त खरं, पण असे उपग्रह खालून फिरत असतात, एका जागेवर दर काही तासांनीच येतात.

म्हणून दोन्ही एकत्र करतात. नासा आणि जपानच्या जाक्सा या संस्थेने २०१४ मध्ये जीपीएम उपग्रह सोडला. त्याच्या रडारचा आधार घेऊन, इतर उपग्रहांची माहिती जुळवून 'आयमर्ग' नावाचा डेटा तयार होतो. दर अर्ध्या तासाचा पाऊस, पहिला अंदाज साधारण चार तासांत, तोही फुकट.

मग चुकतं कुठे?

आयमर्गचा एक चौकोन सुमारे ११ किमी लांब-रुंद असतो. समजा त्याच्या पाव भागात १२० मिमी पडला आणि उरलेल्या भागात २० मिमी. सरासरी येते ४५ मिमी. तुमची अतिवृष्टी आकड्यात गायब!

दुसरी अडचण सह्याद्रीची. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिमीच्या वर पाऊस पडतो, सरळ रेषेत २५ किमीवरच्या वाईला त्याच्या कितीतरी कमी. शिवाय घाटातले ढग बरेचदा ठेंगणे असतात. त्यांचा माथा फार थंड नसतो, बर्फही कमी. त्यामुळे मुसळधार असूनही उपग्रह कमी पाऊस दाखवतो.

दुरुस्ती पर्जन्यमापकच करतो

सोपं उदाहरण घ्या. जवळच्या केंद्रावर उपग्रह म्हणतो ४०, पर्जन्यमापक म्हणतो ६०. म्हणजे उपग्रह दीडपट कमी पडला. तुमच्या गावावर त्याने ५० दाखवलाय, तर दुरुस्त आकडा ७५. प्रत्यक्षात गणित बरंच किचकट असतं, पण तत्त्व हेच. आयमर्गची अंतिम आवृत्तीसुद्धा काही महिन्यांनी पर्जन्यमापकांच्या मासिक नोंदींशी जुळवूनच येते. म्हणजे उपग्रह आला म्हणून पर्जन्यमापक नको, असं नाही. उलट, केंद्रं जितकी जास्त तितका उपग्रहाचा अंदाज बरा.

तुम्ही काय करू शकता?

सरळ कडांचा डबा मोकळ्या जागेत, झाडापासून लांब ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाण्याची उंची मोजा आणि डबा रिकामा करा. जितके मिमी उंची, तितके मिमी पाऊस. तोंड लहान असो की मोठं. तारखेसह वहीत लिहा, फोटो काढा. ही सरकारी नोंद नाही हे खरं. पण उपग्रहाच्या नकाशात त्याच रात्री तुमच्या भागावर जोर दिसला आणि वहीतही दिसला, तर पंचनामा मागताना तुमच्याकडे नुसत्या तक्रारीपेक्षा बरंच काही असेल.