धातूचे कण व त्यांच्या सीमा

ॲल्युमिनियमचें पातेलें हातांतून पडलें तर त्यास पोचा येतो, परंतु तें कांचेप्रमाणें फुटत नाहीं. न तुटतां आकार बदलणें हा धातूचा मोठा गुण होय. हा बदल आंत कसा घडतो व त्यास आवर कशानें बसतो, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

पातेल्याचा पत्रा वरून एकजीव दिसतो. पण तो घासून, त्यावर योग्य तें आम्ल लावून सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिला असतां असंख्य बारीक कणांचा बनलेला आढळतो. प्रत्येक कणांत अणूंच्या ओळी शिस्तीनें मांडलेल्या असतात; मात्र शेजारच्या कणांत त्यांची दिशा निराळी असते. एका शेताचे तास पूर्वपश्चिम, दुसऱ्याचे दक्षिणोत्तर आणि मध्यें बांध, तसाच हा प्रकार आहे. या बांधास आपण 'कणसीमा' म्हणूं.

धातूवर जोर पडला म्हणजे कणांतील अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात. ते सर्व एकदम घसरत नाहींत; ओळींत जें व्यंग असतें तें पुढें पुढें सरकत जातें. ही कल्पना टेलर, ओरोवान व पोलानी यांनीं १९३४ सालीं स्वतंत्रपणें मांडली. हें व्यंग कणसीमेशीं आलें म्हणजे अडतें, कारण पलीकडील ओळींची दिशा निराळी असते. म्हणून कण जितके बारीक, तितका धातु बळकट. हॉल यांनीं १९५१ सालीं व पेच यांनीं १९५३ सालीं लोखंड-पोलादाविषयीं याचें गणित दाखविलें: कणाचा व्यास चतुर्थांश केला असतां सीमांमुळें लाभणारें बळ दुप्पट होतें. ॲल्युमिनियमलाही हा नियम लागू पडतो, पण तेथें त्याचा परिणाम सौम्य असतो.

परंतु हीच सीमा प्रसंगीं दुर्बळ ठरते. ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळतें. तथापि सुमारें २०० अंशांपुढें त्यावर दीर्घकाळ भार राहिला, तर कण सीमेवरूनच एकमेकांशीं घसरूं लागतात. तेथें बारीक कण अपायकारक होतात.

दुसरी गोष्ट मिश्रधातूंची. तांबें व मॅग्नेशियम घातलेलें ॲल्युमिनियम तापवून पाण्यांत विझविलें असतां पुढें आपोआप कठीण होत जातें, असें जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांस १९०६ सालीं आढळलें. याचें कारण, कणांच्या पोटांत अतिसूक्ष्म साका तयार होतो व तो घसरणीस अडवितो. पण विझविण्यास विलंब झाला तर साका कणसीमेवर गोळा होतो, आणि तिच्या लगतची पट्टी मऊ राहते. मग सारी विकृति त्या अरुंद पट्टींत एकवटते. खारट, दमट हवाही तेथेंच शिरकाव करते, आणि सीमेच्या कडेकडेनें चीर धांवते. बाहेरील चकाकी मात्र तशीच राहते.

अशाच जातीच्या मिश्रधातूंचे पत्रे विमानांस लागतात. म्हणून ते झटपट विझवावे लागतात व वेळोवेळीं तपासावे लागतात. उतारूंचे प्राण त्यावर अवलंबून असतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे पुढें कारखान्यांत जातील, त्यांनीं पत्र्याच्या चकाकीवर विसंबूं नये. त्याच्या कणसीमा कशा आहेत, हें आधीं पाहावें.