विश्लेषण : धबधब्यांवर बंदी, मग जायचे कुठे? ठाणे, कल्याण-डोंबिवलीच्या दाराशी असलेली अल्पपरिचित ठिकाणे कोणती?

पावसाळ्यातला शनिवार-रविवार आला की ठाणे, डोंबिवली, कल्याणहून निघणारी पावले बदलापूरचे कोंडेश्वर, बारवी धरण परिसर, येऊरचे ओढे याच ठिकाणांकडे वळतात. दरवर्षी तेथे बुडून मृत्यू होतात आणि दरवर्षी जिल्हा प्रशासन धबधबे, धरणे, तलावांच्या परिसरात मनाई आदेश काढते. एकीकडे ही जीवघेणी गर्दी, तर दुसरीकडे लोकलच्या तिकिटात आणि शेअर रिक्षाच्या भाड्यात गाठता येतील अशा हजार-दोन हजार वर्षे जुन्या जागांकडे मोजकेच लोक फिरकतात. ही ठिकाणे कोणती, तेथे काय पाहायचे आणि कधी जायचे, याविषयी…

मनाई आदेशात नेमके काय असते?

पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ अन्वये असे आदेश निघत. जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ लागू झाले आहे. खोल पाण्यात उतरणे, धबधब्याच्या प्रवाहाखाली बसणे, दरीच्या कड्यावर सेल्फी काढणे, परिसरात मद्यपान करणे यांवर सहसा बंदी असते. ठिकाणांची यादी आणि मुदत दरवर्षी बदलू शकते. त्यामुळे निघण्यापूर्वी त्या वर्षीचा आदेश पाहणे गरजेचे असते. गेल्या वर्षी गेलो होतो, काही झाले नाही, हा युक्तिवाद पोलिसांपुढे चालत नाही आणि पाण्यापुढे तर नाहीच.

अंबरनाथचे शिवमंदिर : सर्वात जवळचे, तरी न पाहिलेले

अंबरनाथ स्थानकाच्या पूर्वेला सुमारे दोन किलोमीटरवर वालधुनी नदीच्या काठी हे मंदिर आहे. मंदिरातील शिलालेखात शके ९८२, म्हणजेच इ. स. १०६० चा उल्लेख आहे. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील छित्तराजाच्या काळात काम सुरू झाले आणि मुम्मुणी राजाच्या काळात ते पूर्णत्वास गेले, असे मानले जाते. भूमिज शैलीतील या मंदिराचा गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून आत गेल्यावर वर पाहिले की आभाळ दिसते, कारण शिखराचा वरचा भाग आज अस्तित्वात नाही. खरी दौलत मात्र बाहेरच्या भिंतींवर आहे. देवदेवता, सुरसुंदरी, हत्तींचे थर अशा शिल्पांनी या भिंती भरलेल्या आहेत. दर्शन घेऊन पाच मिनिटांत परतणाऱ्यांच्या नजरेतून हेच निसटते.

समाजमाध्यमांवर हे मंदिर ‘युनेस्कोचा जागतिक वारसा’ असल्याचे संदेश फिरतात. ते खरे नाही. जागतिक वारसा यादीत अंबरनाथचे नाव नाही. ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संरक्षित स्मारक आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी जत्रा भरते. शिल्पे निवांत पाहायची असतील तर तो दिवस टाळून सकाळच्या उन्हात जावे.

कल्याणच्या खाडीवर काय उरले आहे?

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ‘कॅलिएना’ बंदराचा उल्लेख आहे. हेच आजचे कल्याण. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांमध्येही कल्याणच्या दानशूरांची नावे आढळतात. पुढे ऑक्टोबर १६५७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी ताब्यात घेतली आणि मराठा आरमाराच्या उभारणीची सुरुवात याच खाडीत झाली. खाडीकाठच्या दुर्गाडी किल्ल्याचे आज थोडेच अवशेष उरले आहेत. पण टेकडीवर उभे राहिले की हे शहर येथेच का वसले, ते समजते. कल्याण पश्चिमेहून रिक्षाने येथे पोहोचता येते आणि तासाभरात पाहून परतता येते.

गोदामांच्या आड दडलेले लोनाड

भिवंडी तालुक्यातील लोनाडला कल्याणहून गांधारी पूल ओलांडून बापगावमार्गे जाता येते. टेकडीत कोरलेले छोटे बौद्ध लेणे, त्यातील शिल्पपट आणि गावाजवळ शिलाहारकालीन शिवमंदिराचे अवशेष असे दोन्ही येथे एकाच फेरीत पाहता येते. लेण्यात आता देवीची पूजा होते, त्यामुळे चपला बाहेर काढूनच आत जावे. वाटेत दोन्ही बाजूंना गोदामे आणि कंटेनरची रांग लागते. सार्वजनिक वाहने मोजकी असल्याने दुचाकी किंवा परतीच्या बोलीवर ठरवलेली रिक्षा सोयीची ठरते.

नाणेघाट : बंदराचे दुसरे टोक

कल्याण बंदरात उतरलेला माल देशावर जायचा तो नाणेघाटातून जुन्नरकडे. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिच्याशी जोडला जाणारा ब्राह्मी लिपीतील प्रसिद्ध शिलालेख आहे. त्यातील अंकचिन्हे भारतीय अंकलेखनाच्या सर्वात जुन्या नमुन्यांत गणली जातात. जवळच दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकली जात, असे सांगितले जाते. कल्याणहून माळशेजमार्गे जाणाऱ्या एसटीने वैशाखरेच्या पुढे घाटाच्या पायथ्याशी उतरून चढाई करता येते. चढ दमवणारा आहे आणि पावसात दगड निसरडे होतात. त्यामुळे नवख्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ निवडावा.

ठाणे खाडीत केवळ चिखल आहे का?

नाही. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने ऐरोलीला उतरून वन विभागाच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जाता येते. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर ते मे या काळात दिसतात. बोटफेरीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, त्यामुळे आधी नोंदणी करून जाणे चांगले.

ही ठिकाणे मागे का पडली?

मुख्य कारण रेल्वे. १८५३ मध्ये गाडी ठाण्याला आली, १८५४ मध्ये कल्याणला पोहोचली. पुढे १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट रुळांनी जोडला गेला. माल खाडी आणि नाणेघाट सोडून रुळांवरून धावू लागला. शहरेही स्थानकाभोवती वाढली आणि खाडी शहराच्या पाठीमागे गेली. आज वालधुनी सांडपाण्याने काळी पडली आहे आणि लोनाडच्या शेतांत गोदामे उभी आहेत. ज्या जागेची कुणाला माहितीच नाही, ती वाचवण्यासाठी कुणी आवाजही उठवत नाही. धबधब्याकडे जाणाऱ्यांपैकी काही जण इकडे वळले, तर जीवही वाचतील आणि या जागांनाही जागरूक माणसे मिळतील.

जाताना काय लक्षात ठेवावे?

पावसाळ्यात अंबरनाथ आणि दुर्गाडी, हिवाळ्यात लोनाड, नाणेघाट आणि ऐरोली, असे साधे गणित ठेवावे. रविवारी निघणार असाल तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आधी पाहावा. लोनाड आणि नाणेघाटासाठी पाणी व खाणे सोबत न्यावे आणि कचरा परत आणावा. शिल्पांना शेंदूर, तेल, खडू लावू नये. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. दगडावर कोरलेले स्वतःचे नाव मग फार महागात पडते.