अंगठा तीस टक्के

संपादकांना गोव्याच्या पेडण्यातल्या तुये औद्योगिक वसाहतीवर लेख हवा होता. पण माझे लक्ष अडकले ते कामगार भरपाईच्या एका तक्त्यात. अंगठा 30 टक्के, तर्जनी 14, मधले बोट 12, करंगळी 7. एका हाताची चारही बोटे गेली तर 50. हात डावा की उजवा, हे तक्ता विचारत नाही.

हा तक्ता ज्या कायद्यातला, तो 1923 चा. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, तरी हिशेबाची रीत तीच राहिली. महिन्याच्या पगाराचे 60 टक्के धरायचे, त्याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे आणि त्यातून तक्त्यातला टक्का काढायचा. पगार कितीही असला तरी 2020 च्या अधिसूचनेप्रमाणे 15,000 च्या वर मोजत नाहीत. तीस वर्षांच्या कामगाराचा आकडा 207.98, म्हणून पगार 15,000 धरला आणि प्रेसमध्ये अंगठा गेला तर 5,61,546 रुपये. पन्नास वर्षांच्या कामगाराचा 153.09, त्याला 4,13,343.

पण तक्ता म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. कोपराच्या वरून डावा हात कापावा लागलेल्या एका सुताराच्या मालकाने हे अपंगत्व अंशतःच आहे, असा वाद घातला. सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये तो फेटाळला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून कमाईची शक्ती शंभर टक्के गेली. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण त्यात शरीराइतकाच धंदाही मोजला गेला.

हक्क मिळायला मालकाची चूक दाखवावी लागत नाही. अपघात कामातून आणि कामावर असताना झाला, एवढे पुरे. अपघात थेट दारूच्या अमलामुळे किंवा कामगाराने यंत्राचे संरक्षक कवच मुद्दाम काढल्यामुळे झाला असेल, तर दावा जातो. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर मात्र ही सबबही चालत नाही. आणि मालकाने कवच काढल्याचे कारण पुढे केले, तर ते काढायला कोणी सांगितले, हे खोदून विचारायला हवे.

पगार 21,000 पर्यंत असून कामगार कर्मचारी राज्य विम्यात, म्हणजे ईएसआयमध्ये असेल, तर मालकाकडे नव्हे, ईएसआयकडे जायचे. कामावरच्या दुखापतीसाठी किती महिने वर्गणी भरली हे बघत नाहीत. नोकरीचा पहिला दिवसही चालतो.

खरी अडचण ठेकेदाराच्या माणसाची. सावंतवाडी, दोडामार्गाहून रोज येणारी मुले घ्या, नाहीतर डिचोलीच्या खाणीवरचे मदतनीस. पगार रोखीने, नेमणूकपत्र नाही, ठेकेदार हात वर करतो. कायद्याने मूळ मालकावरही जबाबदारी आहे, पण आधी हा माणूस तिथे कामाला होता हे सिद्ध व्हावे लागते. थोडे पैसे देऊन कागदावर सही घेतली, तरी हक्क सोडल्याचा तो करार कायद्यात टिकत नाही. हे सही करणाऱ्याला बहुधा कोणी सांगत नाही. दाव्याला मुदत दोन वर्षांची, आणि महिन्याभरात भरपाई न दिल्यास 12 टक्के व्याज. सगळ्यात जड कागद इस्पितळातला पहिला. त्यावर ‘कामावर असताना’ हे शब्द लिहून घ्यावेत, सोबतच्या दोघांची नावेही घ्यावीत, आणि त्याची प्रत घरी ठेवावी.