डब्याला दहा रुपयांची जोड

सदाशिव पेठ, नवी पेठ, शनिवार पेठ. कॉट बेसिसवरची खोली, अभ्यासिकेतली ठरलेली खुर्ची आणि मेसचा डबा, एवढ्या भांडवलावर स्पर्धा परीक्षांची मुले-मुली पुण्यात वर्षे काढतात. एके काळी याच पेठांत गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. वार गेले, डबे आले. महिनाअखेरीला जेवणालाच कात्री लावायची रीत मात्र टिकून आहे.

स्वस्तात पौष्टिक खाण्याचे सल्ले कमी नाहीत. पण ते देणाऱ्यांनी ओटा, फ्रीज आणि मोकळी संध्याकाळ गृहीत धरलेली असते. इथे खोलीमालकाने शेगडीला पहिल्याच दिवशी मनाई केलेली असते. फार तर पाणी तापवायची केटली गुपचूप नांदते. म्हणून स्वयंपाक करा वगैरे सांगण्यात अर्थ नाही. डबा चालूच राहणार हे धरून चालू आणि तो नेमका कुठे कमी पडतो तेवढे पाहू.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे साठ किलोच्या मुलाला साधारण ५० ग्रॅम. आता डबा उघडू. दोन्ही वेळच्या मिळून सहा पोळ्या, दोन वाट्या भात, आमटी आणि बटाट्याची नाहीतर कोबीची भाजी. पोळ्यांतून १८-१९ ग्रॅम येतात, भातातून सहाएक. आमटीत डाळ शोधावी लागते. तिचे उदार मनाने पाच-सहा धरू. भाजीचे दोन-तीन. बेरीज जेमतेम ३३. पोट भरलेले असते, त्यामुळे १६-१७ ग्रॅमांची ही तूट जाणवतही नाही.

ती भरून काढायला डबा दुपटीने महाग करावा लागत नाही. ५० ग्रॅम कोरडे मूग भिजवून मोड आणले तर ११ ग्रॅम प्रथिने मिळतात. ३० ग्रॅम, म्हणजे मूठभर, शेंगदाण्यांतून सात. मूग १२० रुपये किलो आणि शेंगदाणे १५० धरले तर या दोन्हींचा खर्च साडेदहा रुपये. संध्याकाळचा एक वडापाव याहून महाग पडतो.

किराणा घेताना भाव किलोने न बघता दहा रुपयांत किती प्रथिने येतात ते बघावे; दुकानातल्या मांडणीकडे बघायची नजरच बदलते. पनीर ४०० रुपये किलो असेल तर दहा रुपयांत पाच ग्रॅमही पडत नाहीत. सात रुपयांचे अंडे असेल तर नऊच्या आसपास. १०० रुपये किलोचा हरभरा १९ देतो. सोयाबीनच्या वड्या १५० रुपये किलो असल्या तरी तिशी ओलांडतात, आणि केटलीतल्या उकळत्या पाण्यात झाकून ठेवल्या की मऊ होतात. पिळून, कांदा-तिखट-मीठ लावून डब्यातल्या भाजीत मिसळाव्यात. चव काही फार थोर नसते, हे मान्य. व्यायामशाळेतल्या ओळखीच्याने गळ्यात मारलेली प्रोटीन पावडर या हिशेबात बसवून बघायची हौस असेल तर डब्यावरची किंमत आणि एका मापातले ग्रॅम वाचावेत आणि भागाकार स्वतः करावा.

वनस्पतींतली प्रथिने कमी दर्जाची, हा आक्षेप नेहमी येतो. तो अर्धाच खरा आहे. गहू-तांदळात लायसिन कमी असते, ते कडधान्यांत भरपूर. कडधान्यांत मिथिओनिन कमी, ते धान्यांत असते. पोळी आणि उसळ एकाच दिवसात पोटात गेली की दोघांची उणीव परस्पर भागते. एकाच घासात जायला हवीत असेही नाही.

मोडांचा फायदा प्रथिनांपुरता नाही. मोड येताना क जीवनसत्त्व तयार होते आणि लोह अडवून धरणारे फायटेट कमी होते. मूग रात्री भिजवून सकाळी ओल्या फडक्यात बांधून ठेवले की दुसऱ्या सकाळी तयार. पावसाळ्यात मात्र ते कच्चे खाऊ नयेत. फडक्यातल्या उबेत जंतूही वाढतात. केटलीतल्या पाण्यात पाच-सात मिनिटे उकळी येऊ द्यावी. शेंगदाणे एका वेळी पाव किलोच घ्यावेत. काळपट, सुरकुतलेला, कडवट दाणा फेकून द्यावा. बुरशी धरलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष असू शकते.

डब्यातली दुसरी उणीव पालेभाजीची. निवडायला माणूस लागतो, म्हणून मेसवाल्यांना ती परवडत नाही. मुलींनी तर या उणिवेकडे काणाडोळा करू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. शेगडी नाही म्हणून पालेभाजी नाही, ही सबब सोलापूर-मराठवाड्याकडून आलेल्या मुलांनी तरी सांगू नये. त्यांच्या घरी घोळाणा होतो: कोवळी मेथी स्वच्छ धुऊन, चिरून, त्यात कांदा, दाण्याचा कूट, तिखट, मीठ आणि वर थोडे कच्चे तेल. लिंबू पिळले की लोह अंगी लागायलाही मदत होते. पावसाळ्यात कच्च्या पालेभाजीच्याही वाटेला जाऊ नये. ते महिने काकडी आणि गाजराचे, तीही नीट धुऊन, सोलून. जुडी संध्याकाळी उशिरा घ्यावी, मंडईत तेव्हा भाव उतरतात. फ्रीज नसल्याने ती उद्यापर्यंत टिकत नाही, म्हणून तीन कॉटवाल्यांत मिळून एक.

चहाचे काय करायचे? अभ्यासिकेतला माणूस तो सोडणार नाही, सोडायची गरजही नाही. चहातले टॅनिन जेवणातले लोह बांधून टाकते, एवढ्यासाठी जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे.

फळांत फसवणूक जास्त होते. आजाऱ्याला सफरचंद न्यायच्या आपल्या रिवाजाने त्या फळाला भलताच मान मिळवून दिला आहे. क जीवनसत्त्वात पेरू त्याच्या कित्येक पट पुढे आहे, संत्र्याच्याही पुढे, आणि हंगामात स्वस्तही. उरलेल्या महिन्यांत केळे.

ब-१२ मात्र मोड, मेथी, दाणे यांतल्या कशातच नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच येते. शाकाहारी असाल तर रोज वाटीभर दही घ्यायलाच हवे. हा खर्च दहा रुपयांच्या बाहेरचा आहे आणि तो टाळू नये. चतुर्थी-एकादशी धरणाऱ्यांसाठी एक: साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. खिचडीला जे काही पोषण असते ते दाण्याच्या कुटाचे. तेव्हा कूट सढळ हाताने मागून घ्यावा, किंवा राजगिऱ्याचा लाडू आणि दूध घ्यावे.

ज्यांना शेगडीची परवानगी आहे, दोघे-तिघे मिळून खोली चालवतात, त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. गावाकडच्या रेशनकार्डावर नाव असेल, आधार जोडलेले असेल आणि कुटुंब अन्नसुरक्षा योजनेत असेल, तर त्या कार्डावरचे धान्य पुण्यातल्या रास्त भाव दुकानातूनही अंगठा लावून उचलता येते. प्राधान्य गटाला माणशी महिना पाच किलो, सध्या मोफत. घरच्यांचा वाटा गावीच राहतो, आपल्यापुरते इथे घ्यायचे. आधी घरी फोन करून विचारावे, नाहीतर एकाच धान्यासाठी दोन दुकानांत दोघे उभे राहायचे. गहू मिळाला तर गिरणीचे दळण तेवढे वेगळे मोजावे लागेल.