मिस्टर बीनची पडदाबदली

अर्ध्या तासात हसवणारा माणूस दीड तास कसा हसवणार? 1990 साली ब्रिटिश टीव्हीवर आलेल्या मिस्टर बीनला 1997 मध्ये चित्रपटात नेताना हाच पेच होता. मालिकेचे जेमतेम 15 भाग. त्यात बीन जवळजवळ मुका. परीक्षेचा पेपर किंवा दंतवैद्याची खुर्ची, एवढ्यावर प्रसंग रंगे.

चित्रपटाला मात्र कथानक लागतं. म्हणून रिचर्ड कर्टिस आणि रॉबिन ड्रिस्कॉल या लेखकांनी बीनला अमेरिकेला धाडलं आणि डेव्हिड लँग्ली हा भला यजमान त्याच्या गळ्यात बांधला. (की बीनलाच त्याच्या?) त्यामुळे बीनच्या उपद्व्यापांची किंमत मोजणारा माणूस कथेत आला. ‘व्हिसलर्स मदर’ या जगप्रसिद्ध चित्रावर बीन शिंकतो, पुसायला जातो आणि चेहराच घालवून बसतो. आपण हसतो, पण लँग्लीची नोकरी टांगणीला लागलेली असते.

पुढे बीन चक्क भाषण ठोकतो. तिथे मूळ गंमत पातळ होते.

2007 च्या दुसऱ्या चित्रपटात तो फ्रान्समध्ये भटकतो. भाषाच येत नसल्याने पुन्हा गप्प. धंद्याचं काहीही असो, मालिकेच्या जातीला हा दुसरा चित्रपटच अधिक जागला.