पाय कमजोर असला तरी गाडी चालते. लक्ष कमजोर असेल तर?

एमएच-१५ पासिंगची गाडी असेल तर पंचवटीतल्या पेठ रोडच्या आरटीओत तुमची एखादी तरी चक्कर झाली असेलच. समजा, तिथे दोन जण आलेत. एकाचा उजवा पाय लहानपणच्या पोलिओने कमजोर आहे. दुसऱ्याला सहा महिन्यांपूर्वी मेंदूचा झटका येऊन गेला, पण आता हातपाय छान चालतात. कोणाच्या शेजारी बसून दिंडोरी नाक्यापर्यंत जाल?

बहुतेक जण दुसऱ्याला निवडतात. संशोधन म्हणतं, जरा थांबा.

पहिल्याची अडचण यंत्राने सुटते. स्टिअरिंगजवळ एक दांडा बसवतात. ढकलला की ब्रेक, ओढला की ॲक्सिलरेटर. डावा पाय कमजोर असेल तर काम आणखी सोपं, कारण ऑटोमॅटिक गाडीत क्लचच नसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल परवानगी घेऊन करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीत कायद्यातला 'इनव्हॅलिड कॅरेज' हा जुना शब्द जाऊन 'ॲडॅप्टेड व्हेईकल' आला. खरी अडचण शिकण्याची आहे. अचानक कोणी आडवं आलं तर हात आपोआप दांड्यावर जायला हवा, आणि ती सवय तशाच गाडीवर लागते. बहुतेक मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत ही सोय नसते. म्हणजे आधी गाडी घ्या, मग शिका!

आता दुसऱ्याकडे वळू. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की काहींचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. याला 'निग्लेक्ट' म्हणतात. डोळे ठणठणीत असतात, २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते. पण जेवताना ताटातली डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते. आपण रस्त्याच्या डावीकडून गाडी चालवतो. म्हणजे पायी चालणारे, सायकलवाले, निमाणीजवळ थांबलेल्या रिक्षा, सगळं त्याच बाजूला. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. 

गंमत नव्हे, धोका असा की अनेकदा रुग्णाला स्वतःला हे जाणवत नाही. लायसन्सच्या फॉर्ममध्ये आपण आपल्या तब्येतीचं स्वतःच जाहीर करतो. जे माहीतच नाही, ते कसं लिहिणार?

लक्षाचं महत्त्व मोजलेलंही आहे. १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५५ वर्षांवरच्या २९४ चालकांवर तीन वर्षं नजर ठेवली. एका नजरेत टिपता येणारं क्षेत्र ज्यांचं ४० टक्के किंवा जास्त घटलं होतं, त्यांच्या अपघाताची शक्यता २.२ पट निघाली. नुसत्या नजरेच्या तीक्ष्णतेवरून असा अंदाज बांधता आला नाही.

म्हणून चांगली तपासणी दोन टप्प्यांत होते. आधी दवाखान्यात स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल, प्रतिक्रियेचा वेळ आणि लक्ष. मग प्रत्यक्ष रस्त्यावर, शेजारी ब्रेक असलेल्या गाडीत.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर दोन गोष्टी करा. पायाची अडचण असेल तर गाडी बुक करण्याआधी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून तपासून घ्या, कोणता बदल लागेल ते कळेल. आणि झटक्यानंतर बाबा "मी एकदम ठीक आहे" म्हणत किल्ली मागत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि घरी त्यांचं ताटही बघा.