शाळेत फोटो काढणाऱ्यांचं काम

जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या, की ओळखपत्रांचे फोटो काढणाऱ्या कंपन्यांचा हंगाम सुरू होतो. कॅमेरा चालवणं हा यातला सोपा भाग. ट्रायपॉड, दोन लाइट आणि मागचा पडदा एकदा लावला, की सेटिंग फारसं बदलावं लागत नाही. बदलतात ती समोरची मुलं. बालवर्गातली फ्लॅश पडताच डोळे मिटतात, म्हणून त्यांचे दोन-तीन फोटो घ्यावेच लागतात. चष्म्यावर चकाकी आली तर हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगायची, नाहीतर लाइट वर चढवायचा.

खरी जोखीम यादीत असते. मुलं हजेरीपटाच्या क्रमाने उभी करायची, प्रत्येक नावापुढे फोटोचा नंबर लिहायचा, गैरहजर मुलाची खूण तिथल्या तिथे करायची. एक खूण राहिली, तर पुढच्या साऱ्या कार्डांवर भलत्याच मुलाचा चेहरा छापला जातो. ही यादी सांभाळणारा मदतनीस माझ्या मते फोटोग्राफरइतकाच महत्त्वाचा. मोबदलाही त्याला तसाच मिळायला हवा. गैरहजर मुलांसाठी पुन्हा शाळेत फेरी होतेच. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र हे काम थांबतं, तेव्हा बरेच जण लग्नांच्या ऑर्डरी घेतात.